यंत्राचा जुळारी

वसंत व्याख्यानमालेत इतिहासाचा विषय निघाला की छत्रपती संभाजीनगरच्या श्रोत्यांपुढे देवगिरीचा किल्ला उभा राहतो, मलिक अंबरची नहर वाहू लागते, फार तर मुक्तिसंग्रामाच्या आठवणी निघतात. हे स्वाभाविकच आहे. आम्ही मात्र आज अशा एका वस्तूचा इतिहास सांगणार आहोत की जी दाखवा म्हटले तर हातात धरून दाखविता यावयाची नाही. जिचे वय पाऊणशे वर्षांच्या थोडेसेच पुढे आहे. आणि जिच्याविषयी संगणकाचे शिक्षण घेतलेले तरुणही "अभ्यासक्रमात होती खरी" एवढेच सांगून पुढे जातात. इंग्रजीत तिला असेंब्लर म्हणतात. मराठीत तिला जुळारी म्हणावे असे आम्हांस वाटते. का वाटते ते आधी सांगितले पाहिजे.

खिळ्यांचे छापखाने ज्यांनी पाहिले आहेत त्यांना जुळारी ठाऊक आहे. समोर लेखकाची हस्तलिखित प्रत, शेजारी खान्याखान्यांची केस. प्रतीत 'क' दिसला की हात न चुकता 'क'च्या खान्यात जावयाचा. मजकुराचा अर्थ लावणे हे त्याचे काम नव्हे. अक्षर पाहावे, खिळा उचलावा, ओळीत बसवावा. मात्र एका ठिकाणी त्याला थांबावे लागे. मजकुरात "पुढे पृष्ठ अमुक पाहा" असे आले, तर ते पुढचे पृष्ठ अजून जुळलेलेच नसे. तेथे जागा राखून ठेवावयाची आणि पुस्तक पुरे झाले की मागे येऊन आकडा भरावयाचा. असेंब्लर नावाचा प्रोग्राम नेमके हेच करतो. माणसाने शब्दांत लिहिलेल्या आज्ञा तो एकेक घेतो, प्रत्येकीचा ठरलेला अंक उचलतो, ओळीत बसवितो, आणि पुढच्या पत्त्यांसाठी जागा राखतो. अंक उचलणे सोपे. सगळी गंमत त्या राखलेल्या जागेत आहे.

उदाहरणासाठी आम्ही मुद्दाम एक खेळण्यातले यंत्र निवडले आहे. १९९० नंतरच्या दशकात टीव्हीला जोडून खेळावयाचा 'व्हिडिओ गेम' आपल्याकडील मध्यमवर्गीय घरांतून दिसू लागला. एक डबा, तारांनी जोडलेले दोन रिमोट, आणि वरून खोचावयाची कॅसेट. कॅसेटवर '९९९९ खेळ' असे दिमाखाने छापलेले असे. विसाव्या-पंचविसाव्या खेळानंतर पहिलेच खेळ नाव बदलून पुन्हा येत, हा भाग निराळा. निंटेंडो या जपानी कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी जपानात विक्रीस आणलेल्या फॅमिली कॉम्प्युटर या यंत्राच्या त्या बहुतेक नकला होत्या. त्या मूळ यंत्राचा मेंदू, म्हणजे प्रोसेसर, रिको कंपनीने बनविलेला होता आणि त्याचा पाया होता ६५०२ या क्रमांकाने ओळखला जाणारा अमेरिकन प्रोसेसर.

या प्रोसेसरला शब्द कळत नाहीत. त्याला अंक कळतात, आणि तेही ० ते २५५ पर्यंतचेच. स्मृतीच्या एका घरात त्याहून मोठा अंक मावत नाही. हे अंक लिहिण्याची जाणकारांची रीत सोळाच्या पटीची आहे आणि ती ऐकून नवखा माणूस बिचकतो. आपल्या लोकांनी तरी बिचकण्याचे कारण नाही. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, तोपर्यंत आपला सारा बाजारहाट सोळाच्याच पटीत चालत होता. निजामाचा हाली शिक्का असो की इंग्रजांचा कलदार, रुपयाचे आणे सोळाच. तेव्हा घरातला अंक आण्यांत आहे असे समजावे आणि त्याचे रुपये करावेत. १६९ आणे म्हणजे १० रुपये ९ आणे. जाणकार लोक दहाच्या जागी 'ए' हे इंग्रजी अक्षर घालून यालाच 'ए-नऊ' म्हणतात, एवढाच भेद. काठोकाठ भरलेले घर म्हणजे १५ रुपये १५ आणे. आणखी एक आणा टाकला की घर रिकामे होते आणि सोळा रुपयांचा हातचा उरतो.

आता ६५०२ला '१० रुपये ९ आणे' म्हटले की तो समजतो, "पुढच्या घरातला अंक हातात घे." '८ रुपये १३ आणे' म्हणजे "हातातला अंक अमुक घरी ठेव." '४ रुपये १२ आणे' म्हणजे "अमुक घरी जा आणि तेथून पुढे वाच." अशा मूळ आज्ञा ५६, पण एकच आज्ञा निरनिराळ्या तऱ्हांनी देता येत असल्यामुळे अधिकृत अंक १५१ होतात. इतके अंक तोंडपाठ करण्यापेक्षा प्रत्येक आज्ञेला तीन अक्षरी नाव द्यावे, माणसाने नाव लिहावे आणि अंक दुसऱ्या कोणी शोधावा, हा सरळ विचार आहे.

अंकासाठी नाव वापरणे ही गोष्ट आमच्या परिसराला तरी नवी नाही. येथून कन्नडचा घाट उतरून चाळीसगावकडे गेले की पाटण लागते. तेथील देवळातला शिलालेख डॉ. भाऊ दाजी यांनी १८६५ साली उजेडात आणला. देवगिरीच्या सिंघण यादवाचा ज्योतिषी चांगदेव (योगी चांगदेव वेगळे) याने आपले आजोबा भास्कराचार्य यांचे ग्रंथ शिकविण्यासाठी तेथे मठ स्थापिला, असे त्या लेखात आहे. लेख १२०७ सालचा. भास्कराचार्यांनी स्वतःचा जन्मशक आकड्यांत न सांगता शब्दांत सांगितला आहे. रस सहा, म्हणून रस म्हणजे ६. गुण तीन, म्हणून ३. पूर्ण म्हणजे शून्य. मही म्हणजे पृथ्वी, ती एकच. ओळीने मांडले तर ६, ३, ०, १ असे होते. पण या पद्धतीत एकं प्रथम येते आणि संख्या उलट बाजूने वाचावयाची असते. म्हणून शके १०३६, अर्थात इ.स. १११४.

हा नियम लक्षात ठेवावा, कारण ६५०२ची रीत हीच आहे. समजा, त्याला ३३००० क्रमांकाच्या घरी पाठवावयाचे आहे. एका घरात एवढा अंक मावत नाही, म्हणून २५६ने भागून दोन तुकडे करावयाचे: भागाकार १२८, बाकी २३२. लिहिताना मात्र आधी बाकी, मग भागाकार. आधी २३२, मग १२८. आधी लहान, मागून मोठा. पाश्चात्त्य विद्यार्थ्याला हे उफराटे वाटते. यंत्राच्या दृष्टीने कारण साधे आहे: बेरीज आपणही एककाकडूनच करतो, आणि मोठा तुकडा येईपर्यंत लहान तुकड्याची बेरीज उरकून घेता येते. यावरून भास्कराचार्यांनी संगणक शोधला असे कोणी म्हणू लागला तर त्याला आमची संमती नाही. नावाने अंक ओळखावा आणि एककापासून मांडावा, एवढी सवय या मातीत जुनी आहे, इतकेच आमचे म्हणणे.

अंकासाठी नाव योजणे जुने. नव्याने घडले ते हे की नावाचा अंक करण्याचे काम यंत्राकडेच सोपविले गेले. लंडनच्या बर्कबेक कॉलेजात अँड्र्यू बूथ यांच्या यंत्रावर काम करणाऱ्या कॅथलीन ब्रिटन (विवाहानंतर कॅथलीन बूथ) यांनी १९४७च्या सुमारास आज्ञा सांकेतिक रूपात लिहिण्याची पद्धत मांडली. या क्षेत्रातला पहिला मान सामान्यतः त्यांनाच दिला जातो. १९४९ साली केंब्रिजच्या एडसॅक यंत्रासाठी डेव्हिड व्हीलर या तरुणाने ३१ आज्ञांचा एक छोटा प्रोग्राम लिहिला. बेरजेला 'ए', वजाबाकीला 'एस' अशी अक्षरे कागदी फितीवर टोचावयाची, घराचा क्रमांक साध्या दशमान आकड्यांत द्यावयाचा, आणि यंत्राने स्वतःच त्याचे आपल्या अंकांत रूपांतर करून घ्यावयाचे. ३१ आज्ञा! त्या यंत्राची स्मृती इतकी तुटपुंजी होती की याहून ऐसपैस जुळारी ठेवावयाला तेथे जागाच नव्हती. व्हीलर, विल्क्स आणि गिल यांच्या १९५१च्या पुस्तकात निरनिराळे तुकडे एकत्र जुळविण्याच्या अर्थाने 'असेंब्ली' हा शब्द आला आणि तो चिकटला.

बूथ यांच्या आराखड्यावरून एका इंग्रज कंपनीने जी यंत्रे बांधली त्यांतलेच एक, एचईसी-२एम, १९५५ साली कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले. हा भारतातला पहिला इलेक्ट्रॉनिक संगणक. महाराष्ट्राचा भाग याच्या लगेच पुढचा आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन् यांच्या नेतृत्वाखाली आपल्याच लोकांनी संगणक बांधावयास घेतला. १९५६ साली लहान नमुना चालू झाला, १९६०मध्ये पूर्ण यंत्र कामाला लागले आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे 'टिफरॅक' असे नामकरण केले. २०४८ शब्दांची स्मृती, प्रत्येक शब्द ४० अंशांचा. त्यावर काम करणाऱ्यांना यंत्राच्याच भाषेत, कागदी फितीवरून बोलावे लागे. तेव्हाचे मुंबईचे शास्त्रज्ञ नुसते यंत्र चालवीत नव्हते. ते त्याची भाषा बोलत होते. हा भेद आम्ही मुद्दाम सांगत आहोत, कारण पुढच्या तीस वर्षांत तो पुसट होत गेला.

तो सर्वस्वी पुसला गेला असे नाही. मराठवाड्यातील आणि एकूणच महाराष्ट्रातील इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्यांनी ८०८५ या प्रोसेसरच्या किटवर प्रयोग केले आहेत. उघडी पाटी, लाल आकड्यांची सहा चौकटींची पट्टी, आणि सोळा आकड्यांची कळफळी. तेथे जुळारी नव्हताच, विद्यार्थीच जुळारी! रमेश गावकर यांचे जाडजूड पुस्तक उघडावयाचे, वहीवर रकाने पाडावयाचे, एका रकान्यात आज्ञेचे नाव, दुसऱ्यात कोष्टकातून शोधलेला अंक, डाव्या कडेला घराचा क्रमांक. पुढे उडी मारावयाची असली तर पत्त्याचा रकाना कोरा ठेवावयाचा आणि खाली पोचल्यावर वर येऊन पेन्सिलीने भरावयाचा. मधे एक आज्ञा विसरली की खालचे सगळे पत्ते खोडावे लागत. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हीच विद्या मुंबईच्या आयआयटीतील प्रा. धनंजय ढमढेरे यांच्या ग्रंथातून भेटे: पहिली फेरी, दुसरी फेरी, नावांचे कोष्टक. पण एकाच्या हातात किट होते आणि दुसऱ्याच्या हातात ग्रंथ. ही दोन्ही मुले एका बाकावर क्वचितच बसली, हे आमच्या शिक्षणाचे एक दुखणे म्हणावे लागेल.

आता पुन्हा ६५०२कडे येऊ. १९७५च्या सप्टेंबरात सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनात मॉस टेक्नॉलॉजी या कंपनीने तो २५ डॉलरला विकावयास ठेवला. चक पेडल आणि बिल मेन्श ही त्यामागची प्रमुख नावे. तोवर असे प्रोसेसर शेकड्यांत मोजून घ्यावे लागत. किंमत उतरली आणि यंत्र प्रयोगशाळेतून घरात आले. स्टीव्ह वोझनियाक यांनी आपला पहिला अ‍ॅपल याच प्रोसेसरवर बांधला. जुळारी वापरण्याचा खर्च त्यांना परवडत नव्हता, म्हणून त्यांनी आज्ञांचे अंक आमच्या किटवाल्या विद्यार्थ्यांप्रमाणेच कागदावर हाताने केले.

भारतात हा प्रोसेसर दोन वाटांनी आला, आणि आमच्या मते या इतिहासाचा मर्मभाग तो आहे. पहिली वाट सरकारी. १९८४-८५ साली केंद्र सरकारने 'क्लास' नावाची संगणक-साक्षरता योजना काढली आणि सुरुवातीस देशभरातील सुमारे अडीचशे शाळांत बीबीसी मायक्रो नावाचे ब्रिटिश संगणक दिले. त्यांत ६५०२ होता. एवढेच नव्हे, सोफी विल्सन यांनी लिहिलेल्या त्या संगणकाच्या बेसिक भाषेत, १६ किलोबाइटच्या चिपमध्ये, पुरा जुळारी आयता बसविलेला होता! चौकटी कंस उघडावा आणि थेट प्रोसेसरच्या आज्ञा लिहू लागावे. दुसरी वाट बाजाराची: ती वर सांगितलेली, ९९९९ खेळांची. शाळेतल्या कपाटातले यंत्र आणि दिवाणखान्यातले खेळणे, दोघांना '१० रुपये ९ आणे' म्हटले की एकच अर्थ कळत होता. पण शाळेतल्या योजनेचा हेतू ओळख करून देण्याचा, शिक्षकही नवखे. त्या कंसाच्या आत कोणी शिरले असेल तर तो अपवाद. आणि खेळण्याच्या डब्यात शिरण्याची वाटच नव्हती. यंत्र दोनदा आले, त्याची भाषा एकदाही उतरली नाही. विल्सन यांनीच पुढे आर्म प्रोसेसरच्या आज्ञांचा आराखडा केला. पहिला आर्म १९८५ साली चालू झाला आणि त्याचेच वंशज आज श्रोत्यांच्या खिशातील मोबाइलमध्ये आहेत.

खेळण्याचा डबा आता बंद राहिलेला नाही. त्याचा अंतर्भाग अभ्यासकांनी उलगडला आहे, त्याची हुबेहूब नक्कल आजच्या संगणकावर चालते, आणि त्यासाठी साधा जुळारी लिहिणे हे आठवडाभराच्या संध्याकाळचे काम आहे. आम्ही तो लिहून पाहिला. त्यात काय करावे लागते ते थोडक्यात सांगतो.

चार ओळींचा मजकूर घेऊ. 'क्ष' कप्प्यात १० भर. 'फेरा' या ठिकाणी: क्षमधून १ कमी कर. शून्य झाले नसेल तर 'फेरा'कडे परत जा. मग 'खेळ' या ठिकाणी जा. कॅसेटमधला मजकूर सामान्यतः ३२७६८व्या घरापासून मांडतात. पहिल्या आज्ञेचे अंक १६२ आणि १०, दुसरीचा २०२. तेव्हा 'फेरा'चे घर ३२७७०. तिसरीचा अंक २०८, आणि तिच्या पुढे पत्ता नव्हे तर पावले लिहावयाची असतात: आज्ञा वाचून झाल्यावर प्रोसेसर ३२७७३वर उभा असतो, तेथून तीन घरे मागे. उणे तीन लिहिता येत नाही, म्हणून सोळा रुपयांतून तीन आणे वजा: १५ रुपये १३ आणे, म्हणजे २५३. चौथीचा अंक ७६, आणि पुढे दोन घरांत 'खेळ'चा पत्ता. पण 'खेळ' अजून आलेलाच नाही!

म्हणून दोन फेऱ्या. पहिली फेरी ही खानेसुमारी: अंक काढावयाचे नाहीत, प्रत्येक आज्ञा किती घरे घेईल तेवढे मोजावयाचे आणि जे जे नाव भेटेल त्याचा घरक्रमांक वहीत टिपावयाचा. दुसऱ्या फेरीत तोच मजकूर पुन्हा पहिल्यापासून वाचावयाचा; आता वहीत सगळी नावे आहेत, अंक भरत जावे. बीबीसी मायक्रोवर तर या दोन फेऱ्या माणसालाच घडवून आणाव्या लागत. एक आवर्तन लिहून तोच मजकूर दोनदा वाचून घ्यावयाचा, पहिल्या वेळी जुळाऱ्याला "अनोळखी नाव दिसले तरी गप्प राहा" म्हणावयाचे आणि दुसऱ्या वेळी "आता बोल."

येथे एक खोच आहे. पहिल्या २५६ घरांचा पत्ता एकाच अंकात मावतो, म्हणून त्यांच्यासाठी आज्ञेचे आखूड रूप असते: तीन घरांऐवजी दोन. पहिल्या फेरीत एखादे नाव अनोळखी असेल तर ते त्या २५६तले की बाहेरचे हे कसे कळावे? जुळाऱ्याने लांब रूप धरून तीन घरे मोजली आणि दुसऱ्या फेरीत हुशारी करून आखूड रूप वापरले, तर खालची प्रत्येक वस्तू एकेक घर वर सरकते आणि वहीतले सगळे पत्ते खोटे पडतात. उपाय अगदी साधा: पहिल्या फेरीत जे रूप धरले तेच दुसऱ्या फेरीत पाळावयाचे, मग एक घर वाया गेले तरी चालेल. नवशिके जुळारी लिहिणारे बहुतेक येथेच अडखळतात.

दुसरे काम नकाराचे. परत जाण्याच्या त्या आज्ञेला मागे १२८ आणि पुढे १२७ घरांपलीकडे जाता येत नाही. एखाद्याने लांबचे ठिकाण सांगितले, तर अंक कसाबसा कोंबून गप्प बसणारा जुळारी घातकी समजावा. त्याने ओळ क्रमांक देऊन काम थांबविले पाहिजे. शेवटी कॅसेटच्या टोकाची घरे भरावयाची. डबा चालू केला की प्रोसेसर आधी ६५५३२ आणि ६५५३३ ही दोन घरे पाहतो. सुरुवात कोठून करावयाची तो पत्ता तेथे असतो, तोही एकं प्रथम. ती दोन घरे रिकामी राहिली तर उरलेला प्रोग्राम कितीही निर्दोष असो, पडद्यावर काही येत नाही.

जुळाऱ्याच्या कोष्टकाला दोन रकाने असतात: डावीकडे आज्ञेचे नाव, उजवीकडे अंक. उजवा रकाना १९७५ साली सिलिकॉनमध्ये कोरला गेला, त्याला हात लावता येत नाही. डावा रकाना मात्र सर्वस्वी जुळारी लिहिणाऱ्याचा. तेथली इंग्रजी तीन अक्षरे ही कंपनीच्या पुस्तकातली केवळ सोय आहे. आम्ही ती खोडून 'घे', 'ठेव', 'भर', 'कमी', 'परत', 'जा' असे शब्द घातले आणि वरच्याच चार ओळी पुन्हा दिल्या. अंक निघाले ते १६२, १०, २०२, २०८, २५३, ७६, आणि पुढे 'खेळ'चे दोन. मग 'फेरा' मुद्दाम दोनशे घरे मागे नेऊन पाहिला. जुळाऱ्याने तिसऱ्या ओळीवर काम थांबविले आणि उत्तर दिले: "उडी फार लांब आहे."